यंत्र केव्हा उघडायचं? मेंटेनन्सचा इतिहास आणि पुराव्याचा पेच

कुठल्याही कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात दोन मतं शेजारी-शेजारी नांदत असतात. एक मत वेळापत्रकाचं: ठरलेले तास भरले की पंप उघडा, बेअरिंग बदला, पुन्हा बसवा, बिघडायची वाट बघू नका. दुसरं मत जुन्या फिटरचं: चालतंय ना, मग हात लावू नका. पहिलं मत शहाणपणाचं वाटतं आणि दुसरं आळसाचं. पण दोघांपैकी बरोबर कोण, आणि ते ठरवायचं कशावरून? कारखाने वाफेवर चालायला लागल्यानंतर हा प्रश्न आकडे घेऊन विचारायला शंभरेक वर्षं जावी लागली. आणि तो नेटाने विचारणाऱ्या पहिल्या लोकांत इंजिनिअर कमी आणि जीवशास्त्रज्ञ पुढे होते.

आज त्या प्रश्नाचा इतिहास पाहू. तुमचा विषय यंत्रांचा नसला तरी चालेल. यातली खरी अडचण पुराव्याची आहे, आणि संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे ना कुठे भेटते.

सुरुवात बॉयलरपासून

एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारा कारखाना म्हणजे आवारात दारूगोळा ठेवल्यासारखंच होतं. बॉयलरचा पत्रा आतून गंजायचा. पाण्यातल्या क्षारांचा थर साचला की पत्र्याची उष्णता पाण्यात नीट जायची नाही, पत्रा जास्त तापायचा आणि कमकुवत व्हायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकायचा, नाहीतर जास्त दाब मिळावा म्हणून कुणीतरी तो मुद्दाम जखडून ठेवायचं.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून जास्त माणसं गेली. त्याआधी काही दिवस एका बॉयलरला गळती लागली होती. नीट दुरुस्ती करायला वेळ लागला असता, म्हणून पत्र्याचं ठिगळ लावून बोट पुढे काढली होती. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड शहरात एक कंपनी सुरू झाली. ती बॉयलरचा विमा उतरवायची आणि त्यासाठी बॉयलरची तपासणीही करायची. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कारखानदारांनी १८५० च्या दशकातच अशी संघटना काढली होती. १८८२ मध्ये तिथे कायदा झाला आणि बॉयलर फुटला की त्याची चौकशी होऊ लागली.

आपल्याकडची गोष्टही याच काळातली. १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा बॉयलर स्फोट झाला, त्यात माणसं मेली, आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. नंतर वेगवेगळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. प्रत्येकाचे नियम वेगळे, त्यामुळे गोंधळ झाला आणि शेवटी १९२३ मध्ये देशभरासाठी एकच बॉयलर कायदा झाला.

या सगळ्यातून एक पद्धत रुजली: ठरलेल्या मुदतीत यंत्र थांबवा, उघडा, आत बघा, प्रमाणपत्र द्या. बॉयलरच्या बाबतीत ही पद्धत योग्यच होती. गंज आणि क्षार काळाबरोबर वाढतात, आणि आत शिरून पाहिलं की दिसतात. गडबड पुढे झाली. बॉयलरला लागू पडणारं गणित हळूहळू सगळ्या यंत्रांना लावलं गेलं. प्रत्येक भागाला ठरावीक आयुष्य असतं, ते संपत आलं की बिघाड वाढतात, म्हणून त्याआधी तो बदलायचा. पाठ्यपुस्तकात याचा आलेख बाथटबच्या आकाराचा काढतात. सुरुवातीला बिघाड जास्त, मध्ये बराच काळ कमी, शेवटी पुन्हा जास्त. माणसांच्या मृत्युदराचा आलेखही साधारण असाच दिसतो, त्यामुळे तो पटतोही चटकन. पण प्रत्यक्ष यंत्रांची आकडेवारी घेऊन तो तपासला होता कुणी?

पाणबुड्या, विमानं आणि एक जीवशास्त्रज्ञ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाचा कोस्टल कमांड हा विभाग अटलांटिकवर गस्त घालून जर्मन पाणबुड्या शोधायचा. गस्तीचे तास वाढले तर पाणबुड्या सापडण्याची शक्यता वाढणार, म्हणून विमानं जास्तीत जास्त उडायला हवी होती. या विभागात शास्त्रज्ञांचा एक गट काम करत होता. त्यात सी. एच. वॉडिंग्टन होता, भ्रूणशास्त्र आणि आनुवंशिकीचा अभ्यासक. ‘एपिजेनेटिक्स’ या शब्दामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो माहीत असेल. त्याच गटात सेसिल गॉर्डन हा दुसरा आनुवंशिकी-तज्ज्ञ होता आणि विमानांच्या मेंटेनन्सचं काम मुख्यतः त्याने हाती घेतलं.

पहिली अडचण मोजमापातच निघाली. विमानांचा ठरावीक हिस्सा कायम उड्डाणाला सज्ज असला पाहिजे, अशी अपेक्षा होती. ऐकायला हे चांगलंच वाटतं. पण सज्जतेचा आकडा वर ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय कोणता? विमान उडवायचंच नाही! उडालं की बिघडणार, बिघडलं की आकडा खाली. म्हणजे जे मोजलं जात होतं ते वाढवायला गेलं की जे हवं होतं तेच कमी होत होतं. गटाने सज्जतेऐवजी उड्डाणाचे तास मोजायला सुरुवात केली आणि मेंटेनन्सचं नियोजन त्याभोवती बसवलं.

दुसरा शोध जास्त गाजला. विमानांची ठरावीक तपासणी दर ५० उड्डाण-तासांनी व्हायची. गटाने दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कराव्या लागलेल्या अचानक दुरुस्त्यांची नोंद घेतली आणि आलेख काढला: आडव्या अक्षावर शेवटच्या तपासणीनंतरचे तास, उभ्या अक्षावर दुरुस्त्यांचं प्रमाण. आपली अपेक्षा काय असते? तपासणी झाली की विमान ठणठणीत, म्हणजे सुरुवातीला दुरुस्त्या कमी आणि पुढची तपासणी जवळ येईल तशा जास्त. आलेख नेमका उलटा निघाला. दुरुस्त्या सगळ्यात जास्त होत्या त्या तपासणी झाल्याबरोबर, आणि तास उलटत जातील तसं प्रमाण खाली येत होतं.

याचा सरळ अर्थ असा की नीट चालणारी जुळणी उघडून पुन्हा बसवण्यात नवे बिघाड घुसत होते. कुठे नट सैल राहिला, कुठे सील नीट बसलं नाही, कुठे जुळलेल्या जागी नवा भाग आला. म्हणजे फिटरच्या ‘हात लावू नका’ला आता आकड्यांचा आधार मिळाला. वॉडिंग्टनने हे सगळं पुस्तकात लिहिलं, पण ते छापून आलं थेट १९७३ मध्ये. युद्धातलं गोपनीय काम कपाटात राहिलं आणि उद्योगजगाने तोच धडा वेगळ्या वाटेने पुन्हा गिरवला.

अकरा टक्के

ती वाट होती प्रवासी विमानांची. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या विमान-नियामकांना एक गोष्ट खटकत होती. काही इंजिनांच्या ओव्हरहॉलची मुदत कितीही बदलली तरी त्यांची विश्वासार्हता सुधारत नव्हती. १९६० मध्ये नियामक आणि विमान कंपन्या यांचा संयुक्त गट बसला. त्या कामातून पुढे बोइंग ७४७ साठी मेंटेनन्स ठरवायची नवी रीत १९६८ मध्ये तयार झाली. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तिचा सविस्तर अहवाल लिहिला. ‘रिलायबिलिटी सेंटर्ड मेंटेनन्स’ हे नाव त्या अहवालाचंच.

त्यात विमानाच्या भागांच्या बिघाडाचे सहा प्रकारचे आलेख आहेत. प्रसिद्ध बाथटब निघाला फक्त ४ टक्के भागांचा. वय वाढेल तसा बिघाड वाढतो असे सगळे प्रकार मिळून ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्के भागांत म्हातारपण म्हणावं असा टप्पाच दिसला नाही. त्यातही ६८ टक्के भागांचा आलेख असा: नवीन बसवल्यावर बिघाडाची शक्यता जास्त, मग ती उतरते आणि पुढे सपाट राहते. असा भाग ‘मुदत झाली’ म्हणून बदलला, तर आपण त्याला सुरक्षित सपाटीवरून उचलून पुन्हा धोक्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो.

परिणाम किती मोठा झाला ते बघा. जुन्या पद्धतीने बनवलेल्या डीसी-८ च्या कार्यक्रमात ३३९ भागांचं ठरावीक मुदतीचं ओव्हरहॉल होतं. नव्या पद्धतीने बनवलेल्या डीसी-१० च्या कार्यक्रमात असे भाग उरले ७.

इथे एक इशारा. ‘८९ टक्के बिघाड यादृच्छिक असतात’ असं वाक्य सेमिनारमध्ये सर्रास ऐकू येतं. हे आकडे विमानाच्या भागांचे आहेत. ज्यात पुष्कळ भाग गुंतलेले असतात, त्या गुंतागुंतीच्या यंत्रणेत बिघाडाची कारणंही पुष्कळ असतात आणि म्हणून वयाची ठळक खूण दिसत नाही. टायर, ब्रेक, टर्बाइनची पाती, थकवा आणि गंज लागणारे सांगाडे यांना मात्र वय असतंच. केमिकल प्लांटमधले पाइप आणि टाक्या या दुसऱ्या गटात येतात. नमुना कुठून घेतला हे न बघता टक्केवारी उचलली, की आपण पुन्हा बॉयलरचं गणित सगळ्यांना लावल्यासारखंच करतो, फक्त उलट्या दिशेने.

चांगला मेंटेनन्स आपलाच पुरावा पुसतो

मग प्रत्येक भागाचा आलेख आधी काढावा आणि मग निर्णय घ्यावा, असं आपण म्हणू. गणितज्ञ रेस्निकॉफने १९७८ मध्येच यातली मेख दाखवली. बिघाडाचा आलेख काढायला बिघाड व्हावे लागतात. ज्या बिघाडाने माणसं मरू शकतात तो आपण एकदाही होऊ देत नाही. म्हणजे ज्या बिघाडांबद्दल सगळ्यात जास्त माहिती हवी, त्यांचीच माहिती सगळ्यात कमी असणार. मेंटेनन्स जितका यशस्वी, तितकी त्याच्या समर्थनाची आकडेवारी विरळ.

साधं उदाहरण घ्या. एक बेअरिंग दर १,००० तासांनी बदलतात आणि दहा वर्षांत एकही बिघाड नाही. मुदत बरोबर आहे असं सिद्ध झालं का? कदाचित ते ३,००० तास सहज चाललं असतं. बदललेल्या प्रत्येक बेअरिंगबद्दल आपल्याला एवढंच कळतं की त्याचं आयुष्य १,००० तासांपेक्षा जास्त होतं. संख्याशास्त्रात याला सेन्सर्ड डेटा म्हणतात. वैद्यकीय संशोधनात मधूनच अभ्यास सोडून गेलेल्या रुग्णांचं गणित असंच करतात.

हा पेच आजही सुटलेला नाही. मशीन लर्निंग वापरून यंत्राचं उरलेलं आयुष्य सांगणारे असंख्य शोधनिबंध ज्या आकडेवारीवर उभे आहेत, ती नासाची सी-मॅप्स आकडेवारी विमान-इंजिनाच्या संगणकीय अनुकरणातून तयार केलेली आहे. खरी इंजिनं शेवटपर्यंत झिजू कोण देणार?

जे बिघडलेलं कळतच नाही

नोलन आणि हीप यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: लपलेला बिघाड. चालू पंप बंद पडला की लगेच कळतं. पण राखीव पंप, आगीचा अलार्म, सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडला तर रोजच्या कामात काहीच फरक पडत नाही. गरज पडेल त्या दिवशीच तो उघडा पडतो. म्हणून इथे ‘चालतंय ना’ हा निकषच गैरलागू आहे, कारण ते चालतंय की नाही हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली भोपाळची रात्र हे याचं सगळ्यात भयंकर उदाहरण. टाकीत पाणी कसं शिरलं यावर वाद झाले. पण संरक्षणाच्या फळ्यांची अवस्था नोंदलेली आहे. मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिने बंद होती. गॅस धुऊन निरुपद्रवी करणारा स्क्रबर स्टँडबायवर होता. गॅस जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. यातल्या एकाही गोष्टीने आदल्या दिवसापर्यंत कुणाचं काम अडलं नव्हतं.

खडूने काढलेलं ड्रॉइंग

आता पुन्हा पाइप आणि टाक्यांकडे येऊ, कारण केमिकल प्लांटचा जीव त्यांच्यात असतो. इथे झीज मोजता येते. अल्ट्रासॉनिक उपकरणाने पत्र्याची जाडी बाहेरून कळते. समजा १० मिमीचा पत्रा आठ वर्षांत ८.४ मिमी झाला. म्हणजे वर्षाला ०.२ मिमी झीज. दाब पेलायला किमान ६ मिमी हवेत, तर १२ वर्षं उरली. प्रेशर व्हेसलच्या तपासणीसाठी जगभर वापरला जाणारा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा नियम सांगतो की पुढची आतली तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळाच्या किंवा दहा वर्षांच्या आत करा, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे इथे सहा वर्षं. निम्मं का? कारण झिजेचा वेग उद्याही हाच राहील ही आपली समजूत आहे, हमी नाही.

ती समजूत कशी मोडते ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे दिसलं. तिथे नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनायचं आणि सायक्लोहेक्झेनच्या सहा रिॲक्टरांची रांग होती. २७ मार्च १९७४ ला पाचव्या रिॲक्टरला साधारण दोन मीटर लांबीची उभी चीर सापडली. ही हळूहळू होणारी झीज नव्हती. रिॲक्टरजवळची छोटी गळती विरळ करण्यासाठी त्यावर कूलिंगचं पाणी सोडलेलं होतं. त्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे ताणाखालच्या पोलादाला चिरा पडल्या. म्हणजे तात्पुरत्या उपायानेच बिघाडाची नवी तऱ्हा जन्माला घातली होती.

पाचवा रिॲक्टर काढला आणि चौथा-सहावा जोडायला २० इंची पाइप बसवला. दोन्ही रिॲक्टरांची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर होती, म्हणून पाइप दोन ठिकाणी वाकडा. दोन्ही टोकांना भात्यासारखे लवचिक बेलोज, आणि खाली आधाराला परांची. ड्रॉइंग काय होतं? वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली पूर्ण मापाची आकृती. वाकड्या पाइपवर दाबामुळे येणाऱ्या वळणाच्या बलाचा हिशेब कुणी केला नाही. कारखान्याच्या मुख्य मेकॅनिकल इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती. जोडाची चाचणी ९ किलोच्या दाबाला घेतली, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा दाब मात्र ११ होता. १ एप्रिलला प्लांट पुन्हा चालू झाला. बरोबर दोन महिन्यांनी, १ जून १९७४ ला, हा जोड फुटला असा चौकशी समितीचा निष्कर्ष आहे. २८ माणसं मेली, त्यातली १८ कंट्रोल रूममधली. तो शनिवार होता, ऑफिसची इमारत जवळजवळ रिकामी होती, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला.

या अपघातानंतर ‘बदल’ ही गोष्टच मेंटेनन्सच्या विचारात मध्यभागी आली: यंत्रात केलेला प्रत्येक बदल, तात्पुरता का असेना, मूळ डिझाइनइतक्याच काळजीने तपासायचा. १९९२ मध्ये अमेरिकेने धोकादायक रसायनांच्या कारखान्यांसाठी नियम केले, त्यात यंत्रांची मजबुती टिकवणं आणि बदलांचं व्यवस्थापन हे दोन स्वतंत्र भाग आहेत.

वॉडिंग्टनच्या आलेखाशी याचं नातं आता दिसेल. तिथे सैल नट, इथे वाकडा पाइप. दोन्हीकडे धोका आला तो यंत्र म्हातारं झालं म्हणून नव्हे, आपण त्याला हात लावला म्हणून. पण फ्लिक्सबरोतली चीर लागलेला रिॲक्टर तसाच ठेवणंही शक्य नव्हतं. म्हणजे वेळापत्रक की ‘हात लावू नका’, हा वाद अपुरा आहे. हा विशिष्ट भाग कसा बिघडतो, तो बिघाड आधी दिसतो का, आणि आपला उपाय त्यात नवीन काय घुसवतो, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

तुमच्या अभ्यासात हे कुठे येईल

या विषयावर काम करायचं ठरवलंत तर कारखान्याची मेंटेनन्सची रजिस्टरं मागून बघा. बहुतेक ठिकाणी तारीख मिळेल, यंत्राचा नंबर मिळेल, आणि ‘बेअरिंग बदललं’ अशी एक ओळ मिळेल. उघडल्यावर ते बेअरिंग कसं होतं, झिजलेलं की नव्यासारखं, हे सहसा मिळत नाही. तीच गोष्ट आयुष्याच्या अंदाजासाठी सगळ्यात मोलाची. ती असेल तर न बिघडता बदललेला भागही बोलतो, आणि रेस्निकॉफच्या पेचातून थोडी वाट निघते. तो रकाना नसेल तर नुसत्या तारखांवरून काढलेला आलेख यंत्राच्या आयुष्याचा नसून वेळापत्रकाचा असतो, हे लक्षात ठेवा.

शक्य असेल तर अभ्यास सुरू होण्याआधीच फिटर आणि सुपरवायझर यांच्याशी बोलून तो रकाना रजिस्टरमध्ये घालून घ्या: ‘उघडल्यावर काय दिसलं?’ आणि त्याच्या शेजारी आणखी एक: ‘बंद करताना काय बदललं?’ वर्षभरात जी पानं भरतील, ती कुठल्याही तयार डेटासेटपेक्षा तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची असतील.